घोड्याच्या मिशा कुणासाठी कापायच्या?

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोनचार जण हसले, ते मी पाहिलं. हसणं साहजिक आहे. आपल्याकडे मिशीला पीळ भरतो तो माणूस. घोड्यालाही मिशा असतात हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण त्या ठेवायच्या की कापायच्या, या प्रश्नात कष्टाच्या जनावराकडे माणूस कसा पाहत आला त्याचा बराच इतिहास दडलेला आहे.

आधी या मिशा म्हणजे काय ते पाहू. नाकपुड्यांजवळ, ओठांवर, हनुवटीखाली आणि डोळ्यांभोवती घोड्याला लांब, राठ केस असतात. अंगावरच्या केसांपेक्षा ते वेगळे. त्यांच्या मुळाशी रक्ताने भरलेली एक पोकळी असते आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं. केसाचं टोक कशाला लागलं की मुळाशी हालचाल होते आणि मेंदूला खबर जाते. आता घोड्याचे डोळे कुठे असतात? डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे त्याला आजूबाजूचं खूप दिसतं, पण स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. तोबऱ्यात तोंड घातलं की दाणा कुठे, कडा कुठे, हे त्याला ओठ आणि या मिशाच सांगतात. अंधारात तर जास्तच.

मग हे कापायचं कुणी आणि का ठरवलं? त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. तिथे घोडा हे काम करणारं जनावर होतंच, पण मालकाची इभ्रतही होता. बग्गीच्या घोड्याची मान ताठ दिसावी म्हणून डोकं वर बांधून ठेवणारा एक जादा लगाम लावत. त्याने घोड्याला मान खाली घेता येत नसे आणि चढावर ओझं ओढताना दम लागे. एडवर्ड फ्लॉवर यांनी 1875 मध्ये या लगामाविरुद्ध लिहिलं. 1877 मध्ये ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ आली आणि हा विषय घराघरांत पोचला. त्या कादंबरीत शेपूट तोडलेला एक म्हातारा घोडाही आहे. माश्या हाकलायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही.

या शेपटीपासूनच पुढचं सांगतो, कारण कापाकापीचे तीन प्रकार शेजारीशेजारी ठेवले की मिशांचा प्रश्न नीट कळतो.

पहिला प्रकार शेपटीचा. इथे नुसते केस कापत नसत, हाडासकट शेपूट तोडत. कारण कामाचंच दिलं जाई: लगाम शेपटीखाली अडकतो, घोडा बिथरतो, गाडीवानाच्या जिवावर बेततं. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण शेपटीचे केस वेणी घालून वर बांधले तरी तेच काम होतं. ब्रिटनमध्ये शेपूट तोडण्यावर कायद्याने बंदी आली ती 1949 मध्ये. तोवर शेतात ट्रॅक्टर आला होता आणि कष्टाचा घोडा निघून चालला होता.

दुसरा प्रकार अंगावरच्या केसांचा. इथे मात्र दोन्ही बाजूंना वजन आहे. हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. अशा घोड्याने ओझं ओढलं की तो घामाने भिजतो, लवकर वाळत नाही आणि गारठतो. शिवाय दाट केसांत खरूज लपते. म्हणून केस भादरतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने खरजेला आळा घालण्यासाठी घोडे भादरले. पण 9 एप्रिल 1917 ला फ्रान्समध्ये अरासची लढाई सुरू झाली ती हिमवर्षावात. घोडे उघड्यावर, चिखलात, कमी चंदीवर आणि अंगावर केस नाहीत. थंडी आणि थकव्याने फार मोठ्या संख्येने घोडे मेले. भादरण्यामागचं कारण खरं होतं, पण केव्हा आणि किती, याचा हिशेब चुकला.

आता तिसरा प्रकार, मिशा. शेपटीला निदान अपघाताचं कारण होतं, अंगाच्या केसांना खरजेचं. मिशा कापल्याने घोडा जास्त ओझं ओढतो का? नाही. आजार टळतो का? नाही. तोंड सुबक, कोरीव दिसतं, एवढंच. कापताना दुखत नाही, कारण केसात संवेदना नसते, ती मुळाशी असते. मिशा पुन्हा वाढतातही. म्हणूनच हे कुणाला क्रौर्य वाटलं नाही. पण वाढेपर्यंत घोडा त्या माहितीला मुकतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1913 च्या सुमारास जवळजवळ 70,000 तट्टं जमिनीखाली राबत होती. त्या काळोखात डोळ्यांवर किती भिस्त ठेवता येईल, याचा विचार करा.

ही समज जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की कपाळावरचे केस देवांनी घोड्याला डोळ्यांच्या रक्षणासाठी दिले आहेत. त्याचा रोख असा, की केसांना काम असतं.

आपल्याकडे शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याच्या केसांचे भोवरे वाचतात. गळ्यापाशी देवमण असला की घोडा शुभ. तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही ही पारख चालते. म्हणजे आपणही घोड्याचे केस बघतो, पण मालकाचं भाग्य शोधायला. घोड्याला त्या केसांचा काय उपयोग, हा प्रश्न आपल्याकडेही मागेच राहिला.

जर्मनीत 1998 पासून मिशा कापायला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून नियम केला, की मिशा काढलेल्या घोड्याला स्पर्धेत उतरता येणार नाही. जखम किंवा वेदना असेल आणि पशुवैद्याने त्या काढल्या असतील तर अपवाद. नियम चांगला आहे. पण तो स्पर्धेतल्या घोड्यांचा आहे. माथेरानला मोटारी नाहीत. तिथे माणसं आणि सामान वाहणाऱ्या घोड्यांना तो लागू नाही, लग्नाच्या वरातीतल्या घोड्यालाही नाही. तिथे घोडेवाल्याची समजच खरी.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. खरारा रोज करा, खुरं पाहा, हवामान बघून अंगाचे केस भादरायचे तर भादरा. मिशांना हात लावू नका. आणि घोडा सजवताना कात्री उचललीत, तर एकच विचारा: हे त्याच्या कामासाठी आहे, की आपल्या डोळ्यांसाठी?

आता तुमचे प्रश्न घेऊ.