टपाची अमेरिकन मोटार आणि वऱ्हाडचा रस्ता

जुन्या अमेरिकन मोटारींचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून दोन मतें हटकून ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, तसलें पोलाद आतां होणें नाहीं, त्या गाड्या कधीं दगा देत नसत. दुसरा पक्ष म्हणतो, तो सारा टप उतरवून मिरविण्याचा षोक होता, गाडी चालण्यापेक्षां दिसण्यासाठींच घेतली जाई. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु भरंवसा आणि मोह हे दोन गुण त्या मोटारींत आरंभीं एकत्र नांदत होते आणि पुढें वेगळे झाले, हा इतिहास लक्षांत न घेतल्यामुळें वाद मिटत नाहीं. हे दोन गुण कसे जुळले व कसे फुटले, हें वऱ्हाडांतील एका तालुक्याच्या गांवावरून पाहण्याचा विचार आहे.

वरूड हें अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचें गांव. उत्तरेस सातपुडा, पूर्वेस वर्धा नदी आणि पायाखालीं कापसाची काळी जमीन. जिल्ह्याचें ठिकाण मोर्शीवरून सुमारें नव्वद किलोमीटर. बडनेरा–नरखेड रेल्वे झाली ती चालू शतकांत. तोंपर्यंत आगगाडी गांठावयाची तर अमरावतीकडे तरी जावयाचें, नाहीं तर वर्धा नदी ओलांडून काटोल–नरखेडकडे तरी. बायकामुलांना दमणी किंवा रेंगी, मालाला बंडी, हीच वाहनें. काळ्या मातीचा गुण श्रोत्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृग लागतांच तीच माती चाकाला अशी बिलगते कीं, बैल गुडघे टेकतात. अशा मुलखांत वाहनाचा भरंवसा म्हणजे केवळ सोयीची बाब नव्हे. अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या गड्याला अमरावतीच्या दवाखान्यांत वेळेवर नेतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न त्या एका शब्दांत सांठवलेला असे.

या मुलखाचा अमेरिकेशीं संबंध मोटारीच्या फार आधींचा आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडांत पोहोंचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडकडे वळली. भाव कडाडले. युद्ध संपल्यावर ते कोसळले खरे, तरी बाजार आणि रेल्वे यांची घडी बसली ती कायमची. १८७० सालीं खामगांवला रेल्वेची शाखा झाली ती कापसासाठींच. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापसाला पुनः चांगले भाव आले, आणि नेमक्या त्याच काळांत अमेरिकेची स्वस्त मोटार जगभर पसरूं लागली. अमेरिकेच्या यादवीनें ज्या पांढऱ्या सोन्याला तेज चढविलें, त्याच सोन्याच्या मोबदल्यांत अमेरिकेचें यंत्र येथील जीनवाले, वकील, डॉक्टर आणि देशमुख यांच्या दारांशीं येण्याची वाट मोकळी झाली.

तें यंत्र म्हणजे मुख्यतः हेन्री फोर्डची टी-मॉडेल. १९०८ च्या ऑक्टोबरांत ती प्रथम विकावयास आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. आरंभीं तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास दोन माणसांची उघडी गाडी २६० डॉलरांना मिळूं लागली. एंजिन चार नळकांड्यांचें, शक्ति अवघी वीस घोड्यांची. मग हिचा एवढा लौकिक कां झाला? एक तर तिचे आंस व दांतचक्रें व्हॅनेडियम मिसळलेल्या चिवट पोलादाचीं होतीं. परंतु त्याहून मोठें कारण असें कीं, त्या गाडींत बिघडण्यासारखें फारसें कांहीं ठेवलेंच नव्हतें. पेट्रोल टाकींतून आपल्या वजनानें खालीं येई, त्याला पंप नको. पाणी तापलें कीं वर चढे व निवलें कीं खालीं उतरे, त्यालाहि पंप नको. तेल गतिचक्राच्या फिरण्यानेंच उडून सर्वत्र पोहोंचे. ठिणगीसाठीं वीज त्याच चक्रांतील लोहचुंबकांपासून निघे. बॅटरी नसली तरी हँडल मारून गाडी सुरू होई. पुढें एक व मागें एक अशा दोन आडव्या पाट्यांवर सांगाडा तोललेला असल्यामुळें एक चाक खड्ड्यांत व दुसरें ढेकळावर गेलें तरी एंजिनाला पीळ पडत नसे. पोट जमिनीपासून सुमारें दहा इंच उंच.

एक लहानशी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत घोडागाड्यांच्या चाकोऱ्या अधिक रुंद असत, म्हणून फोर्डच्या कारखान्यानें त्या भागासाठीं छप्पन्न इंचांऐवजीं साठ इंच अंतरावर चाकें बसविलेल्या गाड्याहि कांहीं वर्षें विकल्या. म्हणजे मोटारीनें रस्ता बदलण्याची वाट न पाहतां स्वतःला चाकोरीच्या मापाचें करून घेतलें. डांबर ज्या देशांत नव्हतें त्या देशाची ती गाडी होती, आणि म्हणूनच ती वऱ्हाडसारख्या मुलखालाहि मानवली. विलायती गाडी आखीव, खडी दाबलेल्या सडकेसाठीं घडवलेली. अमेरिकन गाडी खेड्यांतल्या शेतकऱ्यासाठीं घडवलेली. हा भेद यंत्रविद्येच्या उंचीचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता.

याचा अर्थ ती निर्दोष होती असा कोणीं घेऊं नये. हँडल उलट उसळलें तर मनगट मोडे. पायाखालचा ब्रेक चाकांना न धरतां गिअरच्या पेटींतील पट्ट्याला आवळी. चाकें धरण्याचें काम हातब्रेकाचें, आणि तें मागच्याच दोन चाकांपुरतें. टाकी बैठकीखालीं असल्यामुळें पेट्रोल कमी असेल तर उभ्या चढावर तें एंजिनापर्यंत पोहोंचत नसे. मग गाडी फिरवून उलट्या गिअरनें घाट चढावा लागे. चिखलदऱ्यासारख्या, सुमारें ११०० मीटर उंचीवरील ठिकाणच्या वाटेवर अशी गाडी नेण्यांत किती धाडस होतें, याची कल्पना त्यावरून करावी. लांकडी आऱ्यांचीं चाकें वैशाखाच्या उन्हांत सुकून खिळखिळीं होत आणि बंडीच्या चाकासारखीं पाण्यानें भिजवून घट्ट करावीं लागत. पण दोषांतहि एक गुण दडलेला होता. आरा ढिला झाला तर तो सुताराला समजे, पाटा तुटला तर तो लोहाराला समजे. गाडी बिघडत नसे असें नाहीं. ती बिघडली तर गांवांत दुरुस्त होई. जुन्या माणसांच्या तोंडीं जो भरंवशाचा बोलबाला आहे त्याचा खरा अर्थ हा आहे.

आतां टपाकडे वळूं. त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या कां, याचें उत्तर हौसेंत शोधूं नये. लांकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून त्यावर कांचा आणि छप्पर चढविणें हें महागाईचें काम होतें. मेणकापडाचा टप आणि बाजूचे बटणाचे पडदे हें स्वस्ताईचें. अशा पांच माणसांच्या गाडीला टूरिंग आणि दोन माणसांच्या गाडीला रोडस्टर म्हणत. डॉज बंधूंनीं १९१४ पासून सर्व पोलादी अंगाची गाडी काढली, तीहि आरंभीं उघडीच होती. १९१९ सालीं अमेरिकेंत निघणाऱ्या दहा मोटारींपैकीं सुमारें नऊ उघड्या होत्या. १९२९ सालीं दहांपैकीं नऊ बंद होत्या. पत्रा दाबण्याचीं मोठीं यंत्रें आलीं, लवकर वाळणारे रंग आले, आणि १९२५ सालीं एसेक्सची बंद गाडी तिच्याच उघड्या गाडीहून स्वस्त झाली. दहा वर्षांत गरिबाचें तें श्रीमंताचें झालें आणि श्रीमंताचें तें सर्वांचें झालें.

मोहाचा जन्म येथें आहे. उघडेपणा ही गरज राहिली नाहीं, तेव्हां ती आवड म्हणून विकावी लागली. पडदे जाऊन वरखालीं होणाऱ्या कांचा आल्या, टपाला अस्तर आलें, आणि या नव्या जातीला कन्व्हर्टिबल हें नांव रूढ झालें. १९३९ सालीं प्लिमथनें यंत्रानें वरखालीं होणारा टप विकावयास आणला. परंतु छप्पर काढलें कीं गाडीचें अंग लवचिक होतें. त्याची भरपाई सांगाड्याला जादा आडवे-तिरपे दांडे जोडून करावी लागते. म्हणून कन्व्हर्टिबल ही बंद गाडीपेक्षां वजनानें जड व किंमतीनें महाग, आणि भेगा, गळती, खडखडाट यांना अधिक पात्र. जी उघडी गाडी एके काळीं सर्वांत साधी होती, ती आतां सर्वांत नाजूक झाली. एंजिनें मात्र उत्तम झालीं होतीं. शेव्हरोलेचें १९२९ चें सहा नळकांड्यांचें आणि फोर्डचें १९३२ चें आठ नळकांड्यांचें, पासष्ट घोड्यांच्या शक्तीचें, यांनीं स्वस्त गाडीला दमदार चाल दिली.

आपल्याकडे या गाड्या येत त्याचीहि एक तऱ्हा होती. फोर्डची हिंदी कंपनी १९२६ सालीं मुंबईस निघाली. ती कॅनडाच्या फोर्ड कंपनीची शाखा होती, त्यामुळें आपण जिला अमेरिकन म्हणत होतों ती उजव्या हाताच्या चक्राची गाडी पुष्कळदां कॅनडाची असे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस जुळणीचा कारखाना घातला. सुटे भाग लांकडी पेट्यांतून बोटीनें येत व तेथें जोडले जात. याचा मोठा लाभ असा झाला कीं, मोडलेल्या भागाच्या जागीं दुसरा भाग मिळविण्यासाठीं विलायतेकडे पत्र धाडण्याचें कारण उरलें नाहीं. भरंवशाच्या बांधणींत पोलादाइतकाच हा पुरवठ्याचा वांटा होता, हें आपण सहसा विसरतों.

आणि वऱ्हाडांतला मोह? तो अमेरिकेंतल्या मोहाहून निराळा आहे. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत टप उतरवून वारा खाण्याची हौस कोणास असणार! येथें टप उतरे तो संध्याकाळीं आणि प्रसंगानें: लग्नाच्या वरातींत, पुढाऱ्याच्या मिरवणुकींत. उघड्या मोटारींत बसणाऱ्याला जग दिसावें यापेक्षां जगाला बसणारा दिसावा, हा त्यांतला हेतु. पालखी, हत्तीवरील अंबारी, घोडा या परंपरेंत ती जाऊन बसली. म्हणूनच ती निरुपयोगी झाल्यावरहि लोकांच्या मनांतून उतरली नाहीं. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी' या बोलपटानें तर अशा खटाऱ्यालाच नायकाच्या तोडीची कीर्ति मिळवून दिली.

पुढची कथा थोडक्यांत सांगतां येते. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मापून मिळूं लागलें आणि कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्याची पाळी आली. स्वातंत्र्यानंतर परदेशी हुंडणावळ जपण्यासाठीं आयातीवर बंधनें पडलीं; देशांत प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कारखान्यांना मज्जाव झाला, आणि १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनींहि येथील जुळणी थांबविली. त्यानंतर जुन्या गाड्या मेल्या त्या एंजिनें झिजून नव्हे, सुटे भाग न मिळाल्यामुळें मेल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर कारखान्यांतून १९४७ पासून कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्या बाहेर पडल्या. तथापि तोहि लवकरच लहान इटालियन गाडीकडे वळला.

परंतु टपाच्या अमेरिकन मोटारीचा खरा वारस दुसराच होता. १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांनीं विलीस जीपची जुळणी आरंभिली. ताडपत्रीचा टप, साधें चार नळकांड्यांचें एंजिन, उंच पोट, चारही चाकांना जोर, आणि गांवच्या मिस्त्रीला उलगडेल अशी रचना. टी-मॉडेलचे सगळे गुण या गाडींत परत आले, फक्त रुबाब आला नाहीं. भरंवसा जीपकडे गेला, मोह लांबलचक कन्व्हर्टिबलकडे राहिला. पुढें अमेरिकेंतहि वातानुकूलन आणि वेगवान महामार्ग यांनीं उघड्या गाडीची गोडी कमी केली. १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोनंतर ती जात तेथें कांहीं वर्षें बंदच पडली आणि १९८२ सालीं क्रायस्लरनें तिला पुनः उभें केलें.

आज संत्र्यांच्या बागांमुळें वरूड-मोर्शीचा भाग विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ओळखला जातो, आणि तेथील संत्रीं ट्रकांतून व रेल्वेनें दूरवर जातात. जुनी मोटार ही आतां जतन करण्याची वस्तु आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाडीची स्वतंत्र नोंदणी होते; मात्र ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. कायद्यानें मोह मान्य केला आणि भरंवशाचा दावा नम्रपणें बाजूस ठेवला, असेंच म्हणावें लागेल.

ज्यांच्या घरीं अशी एखादी गाडी उरली असेल त्यांनीं तिचा टप आणि रंग यांबरोबर आणखी एक गोष्ट जपावी, ती म्हणजे तिच्या दुरुस्तीची विद्या. ढिला आरा कसा आवळावा, लोहचुंबकाची ठिणगी कशी पाहावी, मिळत नसलेला भाग जवळच्या भट्टींत कसा घडवावा, हें जाणणारे हात आतां थोडे उरले आहेत, आणि तें ज्ञान छापील पुस्तकांत फारसें उतरलेलें नाहीं. ज्या मिस्त्रीला तें येतें त्याच्याजवळ घरांतील एखाद्या मुलाला चार दिवस बसवावें. कारण काळ्या मातीच्या त्या रस्त्यावर रोग्याला वेळेवर पोहोंचविण्याचें श्रेय जितकें पोलादाचें होतें, तितकेंच तें त्या हातांचें होतें.