रस्त्यावर आलेला गणपती

वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात चार माणसांना बसायचे झाले तर पार आहे, चावडी आहे, देवळाचे पटांगण आहे. (चावडीवर सगळ्यांनाच बसू देत असत असे नव्हे, ते असो.) शहरात ही सोय आपसूक होत नाही. शेदीडशे वर्षांपूर्वीचे पुणे डोळ्यांपुढे आणा: पेठा, अरुंद बोळ, दरवाजे लावून घेतलेले वाडे. पेशव्यांचा गणेशोत्सव शनिवारवाड्यात होई. १८१८ साली राज्य गेले आणि उत्सव मुख्यतः घरोघरच्या देवघरात उरला. रस्त्यावर थाटाने निघत ते मोहरमचे ताबूत, आणि त्यांत हिंदूही हौसेने सामील होत.

१८९३ साली मुंबईत दंगा झाला, मने दुरावली. त्याच वर्षी पुण्यात भाऊसाहेब रंगारी, खासगीवाले, घोटवडेकर यांनी सार्वजनिक गणपती बसवले. १८९४ पासून टिळकांनी ‘केसरी’तून या प्रथेला बळ दिले. बरेच हिंदू ताबुतांतून बाहेर पडले, आणि ताबुतांच्याच धर्तीवर मेळे नि मिरवणूक उभी राहिली. उत्सवाचे कौतुक करताना आपण ही गोष्ट गाळतो. शिक्षकांनी तरी गाळू नये.

मंडप पडला की बोळाचे सभागृह होई. व्याख्याने, पदे, सरकारवर टोमणेसुद्धा! मग पोलिसांचा पहारा आलाच. पुढे १९२० नंतर केशवराव जेधे यांच्या मंडळींनी छत्रपती मेळा काढला आणि ब्राह्मणेतरांचा आवाज त्याच रस्त्यावर घुमला. रस्ता कोणाचा, हा वाद असा गाण्यांतून लढला गेला.

विसर्जनाची वाटही पाहा. ती मंडईपासून निघते. मंडईची इमारत १८८६ ची. तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आज तिला नाव आहे त्यांचेच! तिच्यापुढे १९२४ साली टिळकांचा पुतळा बसला. तेथून बेलबाग चौक, लक्ष्मी रस्ता, आणि शेवटी टिळक चौक. एरवी खरेदीच्या गर्दीचा हा रस्ता. अनंत चतुर्दशीला तो मिरवणुकीचा होतो, आणि अलीकडे चोवीस तास उलटले तरी मोकळा होत नाही.

मिरवणूक पोचते मुठेच्या काठी. आता पुष्कळ मूर्ती घाटावरच्या हौदांत विसर्जित होतात. पूर्वी मात्र सगळे नदीतच जाई. ती मुठा मुळेला मिळते आणि मुळा-मुठा आपल्या भीमेला.