सिझर लिफ्टची बॅटरी (रायगड किनारपट्टी)

कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पोलादी दांड्यांवर माणसाला हत्यारांसह उंच नेणारे यंत्र म्हणजे सिझर लिफ्ट. गोदामाच्या छतातले दिवे, अग्निशमनाचे नळ, वातानुकूलनाच्या वाहिन्या अशा कामांना ते लागते. बंद छताखाली डिझेलचा धूर चालत नाही, म्हणून तेथे ते बॅटरीवरच चालवतात. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि उरण-पनवेल भागात अशी गोदामे वाढली. थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळही याच रायगड किनारपट्टीत येतात.

लहान व मध्यम सिझर लिफ्टमध्ये बहुधा ६ व्होल्टच्या चार शिसे-अम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट मिळवतात. प्रत्येकीची क्षमता साधारण २२५ अँपिअर-तास आणि वजन ३० किलोग्रॅमच्या आसपास असते. मोटारगाडीची बॅटरी येथे चालत नाही. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते. लिफ्टला पाळीभर हळूहळू रिकामी होणारी ‘डीप सायकल’ बॅटरी लागते. बॅटऱ्यांचे वजन यंत्राच्या तोलाचाही भाग असते. हलकी लिथियम बॅटरी बसवायची तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेले किमान वजन भरून काढलेच पाहिजे, नाहीतर वर उभ्या असलेल्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

निवड करताना किमतीआधी देखभाल कोण करणार, हे ठरवावे. बॅटरीत पाणी टाकायला नेमलेला माणूस असेल, तर साधी शिसे-अम्ल बॅटरी स्वस्त आणि भरवशाची. लिफ्ट भाड्याने साइटवर फिरत असेल, तर पाणी न लागणारी एजीएम बॅटरी घ्यावी. मात्र चार्जर तिच्यासाठी जुळवलेला हवा, कारण जादा चार्जिंगने ती लवकर निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी दोन-तीन पाळ्या चालणाऱ्या कामात ती परवडते. चारांपैकी एकच बॅटरी नवी घालणे ही खोटी बचत आहे. जुन्या तिघी नवीलाही ओढून खाली आणतात.

या किनाऱ्यावर बॅटरीचा खरा शत्रू पाणी आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात विहिरींचे पाणी मचूळ असते. त्यातले क्लोराइड व लोह बॅटरीतल्या प्लेटा खातात, म्हणून बोअरचे किंवा नळाचे पाणी कधीही टाकू नये, फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर टाकावे. आधी प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच. खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, आणि वरची ओली, अम्लाळ धूळ प्रवाह झिरपू देते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाकण पुसून कोरडे करावे. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नये. मग टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावावी.

बॅटरी शक्यतो निम्म्याखाली उतरवू नये. पाळी संपली की पूर्ण, न तोडता चार्ज करावी. अम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने तपासावे : बनावटीनुसार भरलेल्या सेलमध्ये ते १.२५ ते १.२८ असते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीचा ट्रे बाहेर ओढून, वरून छप्पर पण बाजूंनी मोकळ्या जागी चार्जिंग करावे. पावसाळ्यात कामे थांबली, तर लिफ्ट अर्धवट उतरलेल्या बॅटरीसह पडून राहते. प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक थर बसतात आणि चांगली बॅटरी एका हंगामात बाद होते. लिफ्ट उभी असली तरी महिन्यातून एकदा तरी चार्जिंगला लावावी.

बाद बॅटरीतील शिसे विषारी असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे द्यावी लागते.