सब कुछ पु. ल. : एका चित्रपटाची कारकीर्द

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) भेटले ते मुख्यतः पुस्तकांतून आणि ध्वनिफितींतून. चित्रपट-दिग्दर्शक हे त्यांचे रूप आपल्यापैकी अनेकांच्या नजरेआडच राहिले. ती कारकीर्द एका चित्रपटाची असली, तरी तिचा विचार आपण करावयास हवा.

'कुबेर' (१९४७), 'वंदे मातरम्' (१९४८) अशा चित्रपटांतून पुलं नट म्हणून पुढे आले. लेखन आणि संगीताची जबाबदारीही त्यांच्याकडे येत गेली. १९५३ मध्ये 'गुळाचा गणपती' पडद्यावर आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भाबड्या नाऱ्याची मध्यवर्ती भूमिका, हे सारे त्यांचेच. 'सब कुछ पु. ल.' ही ओळख या चित्रपटाला मिळाली ती यथार्थच होती. त्यातील 'इंद्रायणी काठी' हे ग. दि. माडगूळकरांचे गीत पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वरात घरोघरी पोहोचले. मात्र यानंतर पुलं चित्रपट-दिग्दर्शनाकडे पुन्हा वळले नाहीत.

असे का व्हावे? येथे चार्ली चॅप्लिनचे स्मरण होते. 'सिटी लाइट्स' (१९३१) मध्ये लेखन, दिग्दर्शन, अभिनय व संगीत अशी अनेक अंगे त्यानेही एकहाती सांभाळली. परंतु त्याच्यापाशी हॉलिवूडमध्ये स्वतःचा स्टुडिओ होता, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड आर्टिस्ट्स' या वितरणसंस्थेचा तो एक संस्थापक होता. मनाजोगे होईपर्यंत एकेक प्रसंग पुनःपुन्हा चित्रित करणे त्याला परवडत असे. मराठी चित्रपटाची बाजारपेठ लहान, तीही हिंदीशी वाटून घ्यावी लागणारी. चित्रपट ही प्रतिभेइतकीच भांडवलाचीही कला आहे. केवळ प्रतिभेच्या बळावर ती फार काळ एकहाती पेलत नाही, असे आम्हांस वाटते.

ते स्वातंत्र्य पुलंना रंगभूमीने दिले. 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) नंतर, १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. तेथे चाळभर माणसे दाखविण्यास एक नट पुरेसा ठरला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून मराठी मुलखात गेले. आपण येथेच राहिलो. तेव्हा आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात. व्यवहाराची भाषा तेलुगू झाली आणि मराठी घरापुरती उरू लागली. तिच्यामागे येथे मोठे भांडवल वा मोठी संस्था उभी राहील, या आशेवर आपण थांबणे बरे नव्हे. 'गुळाचा गणपती'च्याच वर्षी आलेल्या 'देवबाप्पा'साठी पुलंनी 'नाच रे मोरा'ला चाल दिली. तेलुगू वा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडाला ते गाणे शिकविण्यास घरातील एक आजी पुरते. तेवढे तरी आपल्या हाती आहे.