नाशिकची नोट, म्हैसूरची नोट आणि बोलणारा डबा



निवृत्तीनंतर मी म्हैसूरला राहतो. लेक इथल्या आयटी कंपनीत, म्हणून आलो आणि रमलो. सकाळी देवराज मार्केटात फेरी असते. तिथे फुलं विकणाऱ्या एका अज्जीच्या टोपलीशेजारी एक छोटा डबा ठेवलेला असतो. आपण फोनवरून पैसे दिले की डबा कन्नडमध्ये रक्कम बोलतो. अज्जी मान हलवते आणि गजरा पानात बांधून देते. फोनकडे ती बघतसुद्धा नाही.

याच शहरात मेटगळ्ळीच्या बाजूला रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा नोटांचा छापखाना आहे. एकाच गावात कागदाचा पैसा तयार होतो आणि बिनकागदाचा पैसा बोलतो. आज या दोघांची गोष्ट सांगतो. ती सुरू होते आपल्या नाशकात.

1861 च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या, पण त्या छापून यायच्या इंग्लंडहून. 1928 मध्ये नाशिक रोडला छापखाना सुरू झाला आणि 1932 पर्यंत आपल्या सगळ्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक स्थापन झाली 1935 मध्ये. म्हणजे बँकेआधी छापखाना! पुढे सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात, पवारांच्या देवासला दुसरा छापखाना झाला. तरी नोटा पुरेनात. मग 1995 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःची मुद्रण कंपनी काढली. तिचे दोन छापखाने, एक म्हैसूरला आणि दुसरा बंगालमध्ये सालबोनीला.

खिशातली शंभराची नोट काढा आणि बोट फिरवा. काही रेघा हाताला लागतात. ती उठावाची छपाई दृष्टिहीन माणसासाठीही आहे. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने कन्नड चौथी, मराठी आठवी. या कागदाला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. सरकारची हमी लिहिलेला हा कागद कुणाच्याही हातात चालतो.

पण कागदाची एक अडचण होती. तो दूर पाठवायचा कसा?

आम्हा फौजी लोकांना उत्तर पाठ आहे. मनिऑर्डर. 1880 पासून टपाल खात्याने हे काम हाती घेतलं. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी असो की सरहद्दीवरचा जवान, गावची चूल मनिऑर्डरवर पेटायची. माझ्या कंपनीत सातारा, कोल्हापूर, बेळगावची पोरं होती. पगार झाला की फॉर्म भरायला रांग लागायची. फॉर्मच्या खाली निरोपासाठी बोटभर जागा असायची. एकदा एका पोराने लिहिलं, "आई, म्हैस विकू नको." एवढंच. महिन्याभराने घरचं पत्र आलं. पोस्टमनने निरोप दोनदा वाचून दाखवला होता, अंगठा घेतला होता, पैसे मोजून हातात दिले होते. म्हैस राहिली.

हा पोस्टमन लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता 2016. 11 एप्रिलला मुंबईत यूपीआय जाहीर झालं. ते चालवणारं राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ 2008 पासून मुंबईतच आहे. रचना फौजी माणसाला चटकन कळते, कारण ती सिग्नल सेंटरसारखी आहे. फोनमध्ये पैसा नसतोच. फोन फक्त हुकूम पाठवतो. मधलं केंद्र दोन्ही बँकांना कळवतं. एक बँक वजा करते, दुसरी जमा करते. बँका वेगळ्या असल्या तरी चालतं, ही यातली खरी करामत.

सात महिन्यांनी, 8 नोव्हेंबरला, पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबात चलनातल्या 86 टक्के नोटा एका रात्रीत बाद. रांगा तुम्ही पाहिल्यात. पुढे स्वस्त इंटरनेट आलं, करोना आला आणि लोकांना फोनची सवय लागली. ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यात हजार कोटी व्यवहार झाले. ऑगस्ट 2025 मध्ये दोन हजार कोटी.

मग म्हैसूरचा छापखाना ओस पडला का? मुळीच नाही. मार्च 2016 अखेर सुमारे 16.4 लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च 2024 अखेर सुमारे 34.8 लाख कोटींच्या. दुपटीहून जास्त! नोटांचा कागद बनवणारी गिरणी म्हैसूरला उभी राहिली आणि 2022 मध्ये छपाईच्या शाईचा कारखानाही. माझा अंदाज असा, की चहा-भाजीचा पैसा फोनमध्ये गेला, अडीनडीचा पैसा अजून कपाटात आहे. नवं आलं म्हणून जुनं लगेच मरत नाही. त्याचं काम बदलतं.

पण एक गोष्ट खरोखर गेली.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या सुभेदार साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. कुणी तरी पोलीस असल्याची बतावणी करून त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटके"त ठेवलं होतं. पेन्शनमधून साठवलेली पुंजी गेली. गोळीला न घाबरलेला माणूस म्हणाला, "साहेब, घरात सांगायची लाज वाटली."

मंडळी, मनिऑर्डर हळू होती, पण मध्ये एक माणूस उभा होता. आईला ओळखणारा, दोनदा वाचून दाखवणारा. यूपीआयने अंतर मिटवलं, त्याबरोबर तो माणूसही गेला, आणि त्या रिकाम्या जागेत चोर शिरला.

म्हणून आजचं काम सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. फसलात तर लाजू नका, लगेच 1930 ला फोन करा. आणि तरुणांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसता फोन घेऊन देऊ नका. त्यांचा पोस्टमन व्हा. दोनदा वाचून दाखवा.

सुभेदार साहेबांचा नातू आता रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसतो. पैसे परत आलेले नाहीत. पण साहेब पुन्हा फोन उचलायला लागलेत.

जय हिंद.