अपूप, अनारसे आणि आईचा हात

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी इ. स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला. अधिक मासात तूप-गुळासह तेहतीस अपूप कांस्यपात्रात घालून दान द्यावेत, असे विधान या ग्रंथात येते. संख्या सांगितली, पात्र सांगितले, दानाचा हेतूही सांगितला. परंतु अपूप करावा कसा, याविषयी शास्त्रकार मौन बाळगतात. महाराष्ट्रातील घराघरांत या मौनाचे उत्तर ‘अनारसा’ असे दिले गेले. ते कोणी, केव्हा दिले याचा लेखी पुरावा शोधत बसणे व्यर्थ आहे. तो निर्णय स्वयंपाकघरात झाला आणि आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे तोंडीच चालत आला.

‘अपूप’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना. तथापि त्याचा अर्थ व्यापक आहे; व्रीही वा यव यांच्या पिठाचा, भाजलेला वा तुपात तळलेला कोणताही पदार्थ त्यात सामावतो. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’तील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे, घारगे यांचे पूर्वज सहज ओळखू येतात. अपूप म्हणजेच अनारसा, असे समीकरण मात्र शब्दसाम्याने सिद्ध होणारे नव्हे. ते परंपरेने मानलेले आहे, इतकेच म्हणता येईल.

अनारशाची कृती सांगण्यास सोपी आणि साधण्यास अवघड. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे; चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचा आणि ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचा. पिठाइतकाच गूळ किंवा पिठीसाखर व थोडे तूप घालून गोळे दडपून ठेवायचे. चार-सहा दिवसांनी पीठ ‘येते’. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा; उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचे. जाळी पडली तर साधला. तुपात विरघळून पसरला तर ‘हसला’ म्हणतात. अनारशाचे हे हसणे करणारीला मात्र रडवणारे असते! हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी घालावी, कडक झाला तर पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळावा, हे उपायही तोंडीच चालत आलेले. माझी आई तांदूळ पुरेसा सुकला की नाही हे मुठीत दाबून पाहत असे: मूठ उघडल्यावर दाणे तळव्याला चिकटून राहिले, पण हात ओला झाला नाही, म्हणजे कुटण्याची वेळ. हे प्रमाण तिने कधी सांगितले नाही. तिच्या शेजारी बसून ते पाहावे लागले.

मराठी घराची ही खूण एकट्या मराठी घराची नाही, हे बृहन्महाराष्ट्रात राहणाऱ्यांस लवकर कळते. तमिळ प्रदेशातील अधिरसम, आंध्रातील अरिसेलु, कर्नाटकातील कज्जाय, ओडिशातील अरिसा पिठा आणि गयेचा अनरसा हे सारे एकाच कुळातले. तिरुपतीच्या देवस्थानाच्या जुन्या शिलालेखांत नैवेद्याच्या पदार्थांमध्ये अतिरसाचा उल्लेख आढळतो. म्हणजे मराठी बाजूस जो पुरावा केवळ हातांत उरला, तो तेथे दगडावर कोरलेला आहे. ‘अरिसे’ आणि ‘अनारसे’ यांतील ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

तांदूळ भिजवून ओलसर असताना कुटणे ही पायरी या कुळातील बहुतेक घरांत आहे; भेद आहे तो गोडाच्या योजनेत. दक्षिणेत व ओडिशात गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात. महाराष्ट्रात गूळ कच्चाच मळून पीठ मुरवतात. गयेत तीळ येतात, बाजारच्या अनरशात खवाही. पाकाच्या रीतीत कौशल्य पाक ओळखण्यात, मराठी रीतीत ते वाट पाहण्यात. माझ्या मते पदार्थाच्या स्थलांतराचा माग घ्यायचा असेल, तर नावापेक्षा हा क्रियाभेद अधिक विश्वसनीय साधन आहे. कारण नाव शेजाऱ्याकडून ऐकून उचलता येते, क्रिया मात्र कोणाच्या तरी चुलीपाशी बसल्याखेरीज येत नाही.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०), कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) या ग्रंथांनी मराठी पाकक्रिया छापील केल्या. परगावी संसार थाटलेल्या, आई जवळ नसलेल्या स्त्रियांना अशा पुस्तकांचा आधार मोठा होता आणि तो कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. परंतु छापील कृतीला माप द्यावेच लागते, आणि मुठीत दाबलेल्या तांदळाला माप नाही.

त्यात अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. दिवाळीला अनारसे होतात खरे, पण तेहतीसांचा वाणाचा घाट त्याच महिन्यातला. एक खेप चुकली की पुढची जवळजवळ तीन वर्षांनी. २०२३ च्या अधिक श्रावणात आमच्याकडे अनारशाचे पीठ दुकानातून तयार आणले होते. जावयाच्या ताटात तेहतीस मोजून ठेवले. जाळी उत्तम पडली होती. तांदूळ कोणी, किती दिवस भिजवला होता, हे पाकिटावर लिहिलेले नव्हते.