वाङ्मयचौर्य आणि बनावट संदर्भांचा बाजार

रत्नागिरी (प्रतिनिधी) - रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६२ मध्ये हे पाच खंडांचे काम पूर्णत्वास गेले. सुमारे साडेसहा हजार पृष्ठांच्या या इंग्रजी ग्रंथात पानोपानी तळटीपा आहेत. देशात सुसज्ज ग्रंथालये थोडी असल्याने मूळ वचने वाचकापुढे ठेवणे भाग पडले, असे कारण काणे यांनी प्रस्तावनेत दिले होते. वाचकाला लेखकाचे म्हणणे पडताळून पाहता यावे, हेच संदर्भाचे खरे प्रयोजन होय. आज मात्र असे संदर्भ चक्क विकत मिळू लागले आहेत.

ग्रंथालयांची उणीव भरून काढण्याचे काम आता संशोधकांची संकेतस्थळे करतात. 'अॅकॅडेमिया' आणि 'रिसर्चगेट' ही दोन्ही २००८ मध्ये सुरू झाली. रत्नागिरी वा दापोलीत बसलेल्या विद्यार्थ्याला परदेशातील शोधनिबंध तेथे घरबसल्या मिळतो. ही सोय मोलाचीच आहे. परंतु या स्थळांवर निबंध चढविताना तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही. गैरप्रकारांना वाट मिळते ती येथूनच.

चौर्याचे प्रकार

दुसऱ्याचा मजकूर, कल्पना, आकडेवारी अथवा आकृती ऋणनिर्देशाविना आपली म्हणून सादर करणे म्हणजे वाङ्मयचौर्य. शब्द फिरवून लिहिणे, आपलाच जुना निबंध नवा म्हणून पुन्हा छापणे हेही त्यातच मोडते. इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःच्या नावावर खपविणे हा प्रकार पकडण्यास विशेष कठीण आहे. कारण साम्य शोधणारी संगणकप्रणाली मुख्यतः शब्दांची जुळणी पाहते, आशयाची नव्हे.

बनावट संदर्भांची तऱ्हा निराळी. एखाद्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, यावरून लेखकाचे वजन ठरते. 'एच-निर्देशांक' हे २००५ मध्ये सुचविले गेलेले माप यावरच आधारलेले आहे. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा ठिकाणी उल्लेख झाला आहे, त्याचा निर्देशांक दहा. मग हा आकडा फुगविण्यासाठी परस्परांचे उल्लेख करणारी टोळकी जमतात, विषयाशी संबंध नसलेले संदर्भ घुसडले जातात आणि अस्तित्वातच नसलेल्या निबंधांचे दाखले दिले जातात.

मांजराची विद्वत्ता

हे किती सोपे आहे, ते संशोधकांनीच दाखवून दिले. २०१२ मध्ये स्पेनमधील ग्रॅनडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काल्पनिक लेखकाच्या नावाने सहा बनावट निबंध इंटरनेटवर ठेवले. 'गूगल स्कॉलर'ने ते खरे मानले आणि १२९ निबंधांच्या खात्यावर ७७४ उल्लेख जमा झाले. २०२४ मध्ये दोघा संशोधकांनी 'लॅरी' नावाच्या मांजराच्या नावावर संगणकाने रचलेले १२ निरर्थक निबंध दाखविले आणि त्यांचा दाखला देणारे तसेच निबंध 'रिसर्चगेट'वर चढविले. लॅरीच्या खात्यावर १३२ उल्लेख नोंदले गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबुधाबी शाखेतील अभ्यासकांनी तपासापोटी ३०० डॉलर मोजून ५० उल्लेख विकत घेतले. विक्रेत्याने माल चोख पोहोचविला.

मागणी का वाढली?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्यामुळे फावले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये आयोगाच्या यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची आढळली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली आणि २०१९ मध्ये 'केअर' यादी सुरू केली. तीही २०२५ मध्ये बंद झाली. पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांत उठली.

नियम काय सांगतो?

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकाची, साम्य ४० टक्क्यांपुढे गेल्यास एक आणि ६० टक्क्यांपुढे गेल्यास दोन वेतनवाढी रोखली जातात. शिवाय अनुक्रमे दोन व तीन वर्षे मार्गदर्शनास बंदी येते. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर व संदर्भसूची यांची गणना होत नाही.

या साऱ्या टक्केवारीत एक मोठी फट राहते. ती उचललेले शब्द मोजते. विकत घेतलेला वा कल्पित संदर्भ मात्र तिच्या जाळ्यातून सहज सुटतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने खऱ्यासारखे भासणारे खोटे संदर्भ क्षणात रचून देत असल्याने ही फट आणखी रुंदावली आहे. त्यावर उपाय जुनाच आहे. जो निबंध स्वतः वाचला नाही, त्याचा दाखला देऊ नये. मार्गदर्शकाने सूचीतील चार-दोन संदर्भ काढून पाहावेत. निवड समितीने आकड्याऐवजी उमेदवाराचे दोन निबंध वाचावेत. अन्यथा वर्षानुवर्षे राबून एकच प्रामाणिक निबंध लिहिणारा विद्यार्थी मुलाखतीत मागे पडेल आणि पन्नास उल्लेख विकत घेणारा त्याच्या जागेवर बसेल.